फुलपाखरांचा पिंजरा निवडताना: जाळी नेमकं कोणाला बाहेर ठेवते?



संशोधनाची तयारी करणाऱ्या एका मुलीचा परवा फोन आला. "ताई, घरच्या बागेत अळ्या वाढवून निरीक्षणं घ्यायची आहेत. घडी करून नेता येईल असा जाळीचा पिंजरा कोणता घेऊ?" मी उलट तिलाच विचारलं, "तुझा प्रश्न काय आहे?" ती जरा हिरमुसली. पण दोन वर्षांपूर्वी मला कोणी हेच विचारलं असतं, तर माझा एक अख्खा पावसाळा वाचला असता.

आमचं घर जामला. नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं जाम, वर्धा जिल्हा. अंगणात लिंबाचं झाड आहे आणि त्यावर दर पावसाळ्यात पॅपिलिओ डिमोलियस, म्हणजे लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडतात. शेतकऱ्यांना हे फुलपाखरू म्हणजे कौतुकाचा विषय नाही. लिंबू-संत्र्याच्या रोपवाटिकेत याच अळ्या कोवळी रोपं पार बोडकी करतात. आई तर म्हणालीच, "लोकं अळ्या मारते, अन् तू पाळून रायली!"

माझा प्रश्न साधा होता. १०० अंड्यांपैकी फुलपाखरं किती होतात आणि बाकीच्यांना कोण संपवतं? उत्तर कामाचं आहे. मुंग्या, कोळी, पक्षी आणि परजीवी गांधीलमाश्या मिळून बहुतेक अळ्या फुकटात संपवत असतील, तर फवारणी करताना आपण आपलेच मजूर मारतो आहोत.

माझा पावसाळा कुठे वाया गेला

मी एक छानसा घडीचा पिंजरा मागवला. स्प्रिंगच्या तारेचा, उघडला की टुणकन उभा राहणारा. झाडावरची अंडी पानांसकट आत ठेवली आणि वहीत लिहिलं, 'शत्रूंपासून पूर्ण संरक्षण'. आठवडाभरात काही अंडी काळी पडली आणि त्यातून अळीऐवजी डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या निघाल्या.

आता सांगा, या माश्या जाळीतून आत आल्या, की मी अंडी आणली तेव्हाच ती बाधित होती? ठरवायला काहीच मार्ग नव्हता. पिंजऱ्याआधी आणि पिंजऱ्यानंतर या दोन गोष्टी मी एकत्र कालवून ठेवल्या होत्या. सगळ्या नोंदी बाद.

'मेश' म्हणजे काय रे भाऊ?

दुकानात जाळीचे तीन आकडे ऐकू येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो.

'४० मेश' म्हणजे एका इंच लांबीत ४० छिद्रं. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एका छिद्राला धाग्यासकट साधारण ०.६ मिमी जागा. धाग्याची जाडी वजा केली की छिद्र उरतं ०.४ मिमीच्या आसपास.

मच्छरदाणीवर '१५६' लिहिलेलं असतं, ती एका चौरस इंचातली छिद्रं. म्हणजे एका इंचात फक्त साडेबारा. आकडा मोठा, पण छिद्र मिलिमीटरपेक्षाही मोठं! '१५६ म्हणजे ४० पेक्षा बारीक' असं समजून घेतलंत तर फसलात.

शेडनेटचे '५० टक्के', '७५ टक्के' हे सावलीचे आकडे. छिद्राबद्दल ते नेमकं काही सांगत नाहीत.

आता शत्रूंचं माप घ्या. पक्षी, सरडे आणि मोठ्या गांधीलमाश्या मच्छरदाणीला अडतात. कोषात अंडी घालणारी टेरोमॅलससारखी गांधीलमाशी दोन-तीन मिमीची. ती अडते की नाही, हे छिद्र आणि तिच्या शरीराची रुंदी यावर ठरतं, म्हणून तिथे मच्छरदाणीच्या भरवशावर राहू नका, ४० मेश घ्या. अंड्यांवरची ट्रायकोग्रामा मात्र जेमतेम अर्धा मिमी लांब, आणि रुंदीला त्याहून कितीतरी कमी. कपाशीत ट्रायकोकार्ड लावलेलं तुम्ही पाहिलं असेल, तीच ही. ४० मेशवर तिच्याबाबतीत विसंबता येत नाही. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात, तेवढे दिवस दाट विणीची मलमल बरी.

कोण कधी येतं, हेही महत्त्वाचं. टेरोमॅलस कोष होण्याच्या बेतात असलेल्या अळीजवळ ताटकळत बसते आणि कातडी टाकल्याबरोबर मऊ कोषात अंडी घालते. म्हणून कडक झालेला कोष आणून पिंजऱ्यात ठेवलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

बारीक जाळीची किंमत: उष्णता

मग सगळीकडे बारीकच जाळी का लावू नये? कारण हवा खेळत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. बंद पिंजरा भर उन्हात ठेवला तर अळ्या शत्रूंमुळे नाही, तुमच्यामुळे मरतील. पावसाळ्यात उलटं. आत दमटपणा साचतो, विष्ठेवर बुरशी येते, रोग पसरतो. म्हणून एक थर्मामीटर आत आणि एक बाहेर सावलीत ठेवून दुपारी नोंद घ्या. फरक मोठा येत असेल तर पिंजऱ्याची जागा बदला. ही नोंद प्रबंधातही लागणारच आहे.

मग कोणता घ्यायचा?

बाजारात आणि घरात मिळून तीन पर्याय आहेत.

पहिला, घडीचा उभा पिंजरा. अळी ते फुलपाखरू हा प्रवास पाहायला उत्तम. उंची किमान दोन फूट असावी आणि चेन बाजूने उघडणारी हवी. आतली जाळी खरखरीत हवी, कारण कोषातून बाहेर आलेल्या फुलपाखराला वर चढून पंख लोंबते ठेवून वाळवावे लागतात. घसरून पडलं तर पंख वाकडेच राहतात. तळाला प्लॅस्टिक असेल तर पावसाचं पाणी साचतं, म्हणून पिंजरा विटांवर आडोशाला ठेवा. वारा असेल तर दोरीने बांधा.

दुसरा, फांदीची बाही. कापडाची लांब पिशवी फांदीवर चढवून दोन्ही टोकं बांधायची. पानं तोडावी लागत नाहीत, ती वाळत नाहीत. बांधण्याआधी फांदी झटकून मुंग्या आणि कोळी काढून टाका, नाहीतर शत्रूलाच आत कोंडाल.

तिसरा, पीव्हीसी पाइपची चौकट आणि त्यावर शिवलेली जाळी. कुंडीतलं रोप आत मावतं, पाइप सुटे करून नेता येतात. फुलपाखरांचं उडणं किंवा मीलन पाहायचं असेल तर हाच घ्या. पहिल्या दोघांत तेवढी जागा नसते.

रोपवाटिकेतून रोप आणलंत तर त्यावर औषध मारलेलं असू शकतं. आधी दोन-तीन अळ्या सोडून बघा. चौकटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत की मुंग्या चढत नाहीत.

एक मोठा की दहा छोटे?

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. एका पिंजऱ्यात ५० अळ्या म्हणजे नमुना ५० चा, असं मला वाटायचं. तसं नसतं. त्या पिंजऱ्यात रोग शिरला तर सगळ्या एकदम जातील, ऊन लागलं तर सगळ्यांना सारखंच लागेल. त्यांची नशिबं एकमेकींना बांधलेली आहेत. नमुना अळ्यांचा नाही, पिंजऱ्यांचा मोजायचा. एक पिंजरा म्हणजे एक. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं, आपण 'खोटी पुनरावृत्ती' म्हणू. म्हणून महागडा मोठा पिंजरा एक घेण्यापेक्षा साध्या कापडाच्या दहा बाह्या शिवून घ्या.

त्यातल्या काही मुद्दाम फाडा! म्हणजे असं: काही फांद्या उघड्या, काहींवर पूर्ण बंद बाही आणि काहींवर बाजूंनी मोठे काप दिलेली बाही. कापलेल्या बाहीत सावली आणि आडोसा जवळपास तेवढाच, पण शत्रूंना वाट मोकळी. समजा, दर ५० अंड्यांमागे उघड्या फांद्यांवर ५, कापलेल्या बाहीत ८ आणि बंद बाहीत ३५ फुलपाखरं झाली. उघड्या आणि बंद एवढ्याच ठेवल्या असत्या, तर ३० चा फरक आपण शत्रूंच्या नावावर टाकला असता. प्रत्यक्षात त्यातले ३ आडोशाचे, शत्रूंचे २७. हे आकडे समजण्यापुरते आहेत, पण हिशेब असाच करायचा.

पिंजरा फुलपाखरालाही बदलतो

अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्या मोनार्क फुलपाखरांवर २०१९ साली शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं, की घरात वाढवलेली मोनार्क चाचणीत दक्षिणेची दिशा धरत नाहीत. २०२१ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटाने अशाच फुलपाखरांना बारीक रेडिओ ट्रान्समीटर लावून मोकळ्या आकाशात सोडलं, तेव्हा बहुतेक दक्षिणेकडेच गेली. प्रश्न एकच, पण मोजायची जागा बदलली आणि उत्तर बदललं.

सुरुवात करण्याआधी कायदाही पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचींमध्ये फुलपाखरंही आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीत या अनुसूची बदलल्या. आपली जात त्यात आहे का ते तपासा, शंका असेल तर आधी वनविभागाकडे विचारा.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिही: 'माझा पिंजरा कोणाला बाहेर ठेवतो?' आणि 'आत काय बदलतो?' दोन्हींची उत्तरं लिहिता आली की कोणता घ्यायचा ते तुझं तुलाच कळेल.

यंदा आमच्या लिंबावर बारा बाह्या बांधल्या आहेत. आईने जुन्या साड्यांच्या अस्तरातून शिवून दिल्या. चार तिनेच कापल्या, कुरकुरत का होईना.