संकेतस्थळाचा मुक्काम कुठे टाकावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जव्हारला आलेल्या पाहुण्याला आम्ही शिरपामाळावर नेतोच. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची सुरतेवर स्वारी झाली. त्या वाटेवर महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, अशी आमच्याकडची परंपरा आहे. त्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडले असे सांगतात. माळावर उभे राहिले की मुक्कामासाठी हीच जागा का निवडली असेल हे ध्यानात येते. मोकळी जागा, दूरवर नजर जाते, आणि तळ हलवायची वेळ आली तर वाट अडत नाही.

आज मला एका वेगळ्याच मुक्कामाबद्दल बोलायचे आहे. आपले संकेतस्थळ ज्या संगणकावर राहते, त्या मुक्कामाबद्दल. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. पर्यंत. तंत्रज्ञ मुळीच नव्हे. पण एकदा चांगलाच फसलो आणि त्या ठेचेतून जे शिकलो, ते सांगावेसे वाटते.

झाले असे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा मित्रांनी वर्गणी काढून एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर आमच्या कविता होत्याच. पण खरी दौलत होती ती पाड्यापाड्यांवरून गोळा केलेल्या गाण्यांची. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, आणि ते लावते गाण्यांतून. अशा एका वृद्ध धवलेरीची अकरा गाणी आम्ही टेपवर उतरवून घेतली होती आणि ती संकेतस्थळावर चढवली होती. इकडचा पाऊस आपल्याला माहीत आहे. टेपना बुरशी लागली. आम्ही म्हणालो, असू दे, गाणी महाजालावर आहेत ना!

मग एका पावसाळ्यात संकेतस्थळ उघडेना. ज्या माणसाकडून जागा भाड्याने घेतली होती, त्याचा फोन लागेना. तो धंदा गुंडाळून मोकळा झाला होता. आम्ही म्हटले, निदान तेच नाव घेऊन दुसरीकडे घर मांडू. तर नावही त्याने स्वतःच्याच नावावर नोंदवलेले. धवलेरी आजी त्याआधीच वारल्या होत्या. काही महिन्यांनी त्यांची नात माझ्या दारात आली आणि म्हणाली, "चाचा, आजीचा आवाज तुमच्याकडं आहे ना? एकदा ऐकवा." मला मान वर करवेना.

श्रोतेहो, संकेतस्थळ म्हणजे हवेत तरंगणारी वस्तू नव्हे. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी इमारतीत, चोवीस तास चालू असलेल्या एका संगणकात आपली पाने ठेवलेली असतात. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि त्यातली जागा भाड्याने देण्याच्या धंद्याला होस्टिंग. जगातले पहिले संकेतस्थळ १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत सुरू केले. ज्या संगणकावर ते होते, त्यावर त्यांनी हाताने लिहून चिठ्ठी चिकटवली होती की, हा सर्व्हर आहे, बंद करू नका. होस्टिंगवाल्याला आपण पैसे देतो ते एवढ्याचसाठी, की त्याने तो संगणक बंद पडू देऊ नये.

आता पहिला धडा. नाव आणि जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम किंवा डॉट इन असे जे नाव आपण घेतो त्याला डोमेन म्हणतात. ते आपल्या दारावरची पाटी. होस्टिंग म्हणजे घर. घर बदलले तरी पाटी काढून नव्या दाराला लावता येते, मात्र पाटी आपल्या मालकीची हवी. म्हणून नाव स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर, स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर नोंदवा. शक्य तर ते एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. एक बुडाली तरी दुसरी हातात राहते. आणि मुदत संपायची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा. मुदत उलटल्यावर थोडी सवलत मिळते, मग जादा पैसे भरावे लागतात, आणि त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो.

दुसरा धडा बिऱ्हाडाचा. सर्वांत स्वस्त होस्टिंग हे चाळीसारखे असते. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे आणि नळ एकच. शेजाऱ्याकडे लग्न निघाले की आपल्याकडे पाणी येत नाही. त्याहून वरचे ते फ्लॅटसारखे. इमारत सामाईक, पण प्रत्येकाची टाकी वेगळी. त्याला व्हीपीएस म्हणतात. आणि अख्खा सर्व्हर आपलाच, म्हणजे बंगला. पण मग गळके छप्परही आपणच दुरुस्त करायचे. कविता, गावाची माहिती, छोटी संस्था यांना चाळ पुरते. फक्त 'अमर्याद जागा' या शब्दांना भुलू नका. करारातला बारीक मजकूर वाचलात तर फायलींच्या संख्येवर मर्यादा सापडते, आणि पुष्कळ ठिकाणी होस्टिंगचा वापर नुसते कोठार म्हणून करायला मनाई असते. आमच्यासारखी ध्वनिमुद्रणे ठेवायची असतील तर हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

तिसरा धडा आकड्यांचा. जाहिरातीत '९९ टक्के चालू राहण्याची हमी' असे वाचले की आपण खूष होतो. जरा हिशेब करा. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे ८७ तास, साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटे. दशांश चिन्हापुढचा एकेक नऊ महत्त्वाचा असतो. आणि हमी मोडली तर काय? बहुतेक ठिकाणी पुढच्या बिलातून थोडी रक्कम वजा होते, इतकेच. हरवलेल्या मजकुराची भरपाई त्यात नसते.

किमतीचेही असेच. मोठ्या अक्षरांत असतो तो पहिल्या वर्षाचा भाव. नूतनीकरणाचा भाव कितीतरी जास्त असू शकतो. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडते खरे. पण अनोळखी माणसाला कोणी तीन वर्षांचे भाडे आगाऊ देते का? आधी महिन्याच्या बोलीवर राहून पाहावे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, म्हणजे पत्त्याच्या डाव्या बाजूला 'असुरक्षित' असा इशारा येऊ नये म्हणून लागते ते, 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेकडून २०१५ पासून फुकट मिळते. त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला, का, असे विचारावे. आणि 'दहा सर्वोत्तम होस्टिंग कंपन्या' अशा याद्या वाचताना ध्यानात ठेवा, की त्या दुव्यावरून आपण गिऱ्हाईक झालो तर यादी करणाऱ्याला पुष्कळदा दलाली मिळते.

मग पारख कशी करायची? मी एक साधी युक्ती केली. पैसे भरण्याआधी तीन कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला, तोही रविवारी रात्री दहा वाजता: 'माझा सगळा मजकूर मला स्वतःला उतरवून घेता येईल का, आणि कसा?' एकीने ठरावीक आभारपत्र पाठवले. दुसरीने तिसऱ्या दिवशी महागडी योजना सुचवली. तिसऱ्या ठिकाणच्या मुलाने तासाभरात कुठले बटण दाबायचे ते पायरीपायरीने लिहून कळवले. जो बाहेर पडायची वाट आधी दाखवतो, त्याच्याकडे राहायला हरकत नाही, असे मी ठरवले.

सर्व्हर कुठल्या देशात असावा, असेही लोक विचारतात. आपला वाचक महाराष्ट्रात असेल तर मुंबई किंवा नवी मुंबई बरी. अमेरिकेपर्यंतच्या फेऱ्यात सेकंदाचा काही भाग जातोच. पण मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर मोबाईलची एकच काडी असते, तिथे हा फरक कोणाला जाणवणार? तिथे पान हलके असणे जास्त मोलाचे. जड चित्रे कमी केली की चाळीतले बिऱ्हाडही चपळ वाटते.

आता सर्वांत मोठा धडा, बॅकअपचा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीची पाच मजली सर्व्हर-इमारत जळून गेली आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. काही गिऱ्हाइकांनी बॅकअपचे पैसे भरले होते. पण त्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातल्या देजॉन इथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या सामाईक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर प्रतच नव्हती. आणि आग लागायलाच हवी असेही नाही. जिओसिटीज या जागी जगभरच्या हौशी लोकांनी फुकट घरे बांधली होती. याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती वसाहतच बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले, तेवढेच उरले.

म्हणून जाणकारांचा नियम पाळावा: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. होस्टिंगवाला रोज बॅकअप घेतो म्हणाला तरी आपली प्रत आपल्या पेटीत हवी. आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाजवलेला ढोल. फुटलेला आहे की धड, ते कळत नाही.

मराठी माणसासाठी आणखी एक गोष्ट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे. पण प्रचलित पद्धतीने साठवताना आपल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. जुन्या सर्व्हरवरची माहिती नव्यावर नेताना ही पद्धत चुकीची निवडली, तर कवितेच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. यासाठी माझी एक कसोटी आहे. नव्या जागी आधी एकच पान न्यायचे, ज्यात 'ज्ञानेश्वर', 'वाऱ्यावर', 'कॅलेंडर', 'दुःख' हे शब्द आणि मराठी आकडे असतील. ते धड दिसले तर पुढे जायचे. विशेषतः 'वाऱ्यावर'मधला तो अर्धा र हलवाहलवीत फार लवकर जखमी होतो. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मगच गाडी भरावी.

स्थलांतराचा क्रम सोपा आहे. आधी पूर्ण प्रत घ्या. नव्या जागी मांडामांड करा, प्रत्येक पान उघडून तपासा. मग डोमेनची पाटी नव्या पत्त्याकडे वळवा. ही बातमी जगभर पोचायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. तोवर काही लोकांना जुने घर दिसेल, काहींना नवे. म्हणून जुन्या जागेचे भाडे आणखी महिनाभर चालू ठेवा. नव्या घरात दिवा लागल्याशिवाय जुन्या घराची किल्ली देऊ नये.

हे जमते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ सालच्या गणेशचतुर्थीला अमेरिकेत सुरू झाले. तेव्हा मराठीत युनिकोड रुळलेलेही नव्हते. तंत्र किती बदलले, पण ते आजही उभे आहे, कारण चालवणाऱ्यांनी मुक्काम वेळोवेळी सांभाळला.

आमचे काय झाले? अमेरिकेतली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवते. तिथे जुना पत्ता टाकून शोधले, तेव्हा आमच्या बऱ्याच कविता आणि गाण्यांचे शब्द सापडले. आवाज मात्र नव्हता. पुढे एका मित्राच्या माळ्यावरच्या सीडीत तीन गाणी निघाली. अकरातली तीन.

आता नवे संकेतस्थळ आम्ही मुद्दाम साधे ठेवले आहे. नुसती पाने, म्हणजे फायलींचा एक गठ्ठा; उचलला की दुसरीकडे चालू. नाव आमच्या नावावर आहे. गाण्यांची एक प्रत होस्टिंगवर, एक माझ्या कपाटातल्या डिस्कवर, आणि घरच्यांच्या परवानगीने एक इंटरनेट आर्काइव्हवर. चौथी प्रत नातीच्या मोबाईलमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर लग्न होते. तिने मांडवात मोबाईल लावला आणि धवलेरी आजीचा आवाज सुरू झाला. बायका गप्प होऊन ऐकत राहिल्या. तिसरे गाणे संपले तेव्हा एकीने विचारले, "पुढचं?"

पुढचे आमच्याकडे नाही. आपल्याकडे असे काही असेल, तर आज संध्याकाळीच त्याची एक प्रत काढून ठेवा.