विजेचे शुद्धीकरण आणि संगीताचा स्वर

घरात उत्तम ध्वनियंत्रणा बाळगणाऱ्या रसिकांमध्ये एक समजूत रूढ आहे. भिंतीतील सॉकेटमधून येणारी वीज मलिन असते. ती यंत्रात शिरण्यापूर्वीच शुद्ध करून घेतली, तर स्वर अधिक निर्मळ ऐकू येतात, असे ते मानतात. या समजुतीच्या बळावर वीज शुद्ध करणाऱ्या पेट्या विकल्या जातात, आणि त्यांतील काहींची किंमत मूळ विवर्धकाहून, म्हणजे ॲम्प्लिफायरहूनही अधिक असते. तेव्हा या समजुतीत तथ्य किती, हे पैसे मोजण्यापूर्वीच पारखून पाहणे इष्ट होय.

वीज मलिन असते, हे म्हणणे खोटे नाही. आपल्या देशात घरोघरी २३० व्होल्ट दाबाची, दर सेकंदास ५० आवर्तने करणारी प्रत्यावर्ती वीज पुरविली जाते. तिचा आलेख एखाद्या घाटदार लाटेसारखा असावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र इमारतीतील पाण्याचा पंप सुरू झाला की दाब क्षणभर खाली येतो. दिव्यांचा प्रकाश मंद करणारी नियंत्रके त्या लाटेचा काही भाग छाटून टाकतात. चार्जर आणि एलईडी दिवे यांच्या पोटातील मंडले दर सेकंदास हजारो वेळा उघडझाप करतात आणि आपला गोंगाट तारांवर सोडतात.

परंतु ही वीज ध्वनिक्षेपकापर्यंत जशीच्या तशी कधीच पोहोचत नाही. विवर्धकाला प्रत्यावर्ती वीज मुळी नकोच असते. त्याला एकाच दिशेने वाहणारा स्थिर प्रवाह हवा असतो. म्हणून नेहमीच्या रचनेत प्रथम रोहित्र विजेचा दाब बदलते, मग एकदिशकारक तिला एका दिशेस वळवितो, आणि शेवटी मोठी धारित्रे तिचा साठा करतात. गच्चीवरील टाकीचे उदाहरण येथे लागू पडते. पंप अधूनमधून चालतो, तरी घरातील नळाची धार एकसारखी पडते. त्याचप्रमाणे एकदिश झालेल्या विजेचे दर सेकंदास १०० उंचवटे धारित्रांच्या साठ्यात बहुतांशी विरून जातात. जो थोडा कंप उरतो, तो संगीतात मिसळू नये अशीच चांगल्या विवर्धकाची मांडणी असते. सारांश, वीज शुद्ध करणारे यंत्र विवर्धकाच्या आत आधीपासूनच असते.

मग बाहेरची पेटी सर्वस्वी निरुपयोगी म्हणावी काय? तसेही नाही. वेटोळी व धारित्रे यांची गाळणी अतिशय जलद कंपनांना रोखते. जवळच्या एखाद्या उपकरणामुळे यंत्रात खरोखरच कर्कश खरखर उमटत असेल, तर ती गाळणी उपकारक ठरू शकते. दाब फार वरखाली होणाऱ्या भागात स्थिरकारक, अर्थात स्टॅबिलायझर, यंत्राचे रक्षण करतो. मात्र रक्षण करणे निराळे आणि स्वर सुधारणे निराळे.

घरच्या यंत्रणेत पुष्कळदा आढळणारा दोष म्हणजे मंद्र घुमघुम. त्याचे कारण अनेकदा वेगळेच असते. दोन उपकरणे निरनिराळ्या सॉकेटांना जोडली, की त्यांच्या भूसंपर्काच्या तारा आणि ध्वनिसंकेत वाहणारी तार मिळून एक बंद वळसा तयार होतो. त्यात वीजपुरवठ्याच्या कंप्रतेचा क्षीण प्रवाह फिरू लागतो. जलद कंपनांसाठी बांधलेली गाळणी त्याला रोखू शकत नाही. सर्व उपकरणे एकाच फलकावरील सॉकेटांना जोडणे, हा त्यावर साधा आणि बहुधा गुणकारी उपाय होय. काही जण घुमघुम थांबविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कृत्य घातक आहे. उपकरणात बिघाड झाल्यास विजेला जमिनीकडे नेणारी वाट त्यामुळे बंद होते, आणि यंत्राला हात लावणाऱ्याच्या प्राणांवर बेतू शकते.

राहता राहिला रसिकांचा अनुभव. ‘आम्हांला फरक ऐकू येतो,’ असे सांगणारे लबाड नसतात. पण किंमत ठाऊक असली की कान मनाच्या अपेक्षेला साथ देतात. म्हणूनच शास्त्रज्ञ आंधळी चाचणी घेतात. १९५० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या मन्सन व गार्डनर यांनी दोन ज्ञात ध्वनी ऐकवून तिसरा, अज्ञात ध्वनी त्यांपैकी कोणता हे ओळखावयास लावणारी पद्धत मांडली. असा प्रयोग घरीही करता येतो. ऐकणाऱ्याने खोलीबाहेर जावे. मदतनिसाने नाणे उडवून पेटी जोडावी अथवा काढावी, नोंद कागदावर करावी आणि स्वतः दृष्टीआड व्हावे. आवाजाची पातळी व गाणे तेच ठेवून असे १६ वेळा करावे. त्यांपैकी १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शेकडा ४ हून कमी असतो. उत्तरे ८ च्या आसपास घोटाळत राहिली, तर त्या पेटीने ऐकू येण्याजोगा फरक केल्याचा पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येईल.

म्हणून दोष ऐकू येत असेल तर आधी त्याचे कारण शोधावे, आणि मगच उपायावर खर्च करावा. दोष नसेल, तर ते पैसे नव्या ध्वनिमुद्रणांसाठी राखून ठेवावेत. त्यांनी होणारा आनंद पारखावयास कोणत्याही चाचणीची गरज पडत नाही.