नोली म्हणजे नको

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डाव्या बाजूला एक चिन्ह असतं. इंग्रजी आर आणि त्याच्या पायावर मारलेली तिरकी रेघ. ते ‘रेकिपे’ या लॅटिन शब्दाचं आखूड रूप आहे आणि रेकिपे म्हणजे ‘घे’. ही आज्ञा रोग्याला नाही, औषध तयार करणाऱ्याला आहे: अमुक घे, तमुक घे, खलून एकत्र कर. हाच शब्द पुढे स्वयंपाकघरात शिरला आणि आपण त्याला रेसिपी म्हणू लागलो. त्याच चिठ्ठीत गोळीच्या नावापुढे ‘बीडी’ असतं, म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. आणि ‘एसओएस’ असतं, म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. सत्काराच्या वेळी शाल-श्रीफळाबरोबर मेमेंटो देतात, तीसुद्धा मुळात आज्ञाच: आठवण ठेव.

लॅटिन शिकायला बसलेल्या माणसापुढे बहुधा पहिल्याच आठवड्यात विभक्तीचा तक्ता येतो. रोसा, रोसाम, रोसाए असं घोकताना अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो. माझं मत असं, की सुरुवात आज्ञार्थापासून करावी. मराठी माणसाने तर नक्कीच, कारण या दारातून आत शिरायला त्याला इंग्रजीची गरजच पडत नाही.

मराठीत धातू आणि एकाला केलेली आज्ञा यांत फरक नाही: कर, बस, ऊठ, ऐक. लॅटिनही जवळपास तशीच. शब्दकोशातल्या क्रियापदाचं मूळ रूप ‘-रे’ने संपतं, तो ‘रे’ काढला की आज्ञा तयार. अमारे (प्रेम करणं), अमा. सेदेरे (बसणं), सेदे. लेगेरे (वाचणं), लेगे. आउदीरे (ऐकणं), आउदी. क्रियापदांचे चारही मुख्य गण या एका नियमात बसतात. समोर एकाहून अधिक माणसं असली की ‘ते’ जोडायचा: अमाते, सेदेते, आउदीते. लेगेच्या गणात मधला स्वर बदलून लेगिते होतं, एवढाच काय तो अपवाद. चार नेहमीची क्रियापदं मात्र शेवटच्या स्वराविना उभी असतात: दिक (सांग), दुक (घेऊन चल), फाक (कर), फेर (आण). जी रूपं सगळ्यांत जास्त वापरली जातात, तीच अशी झिजून तोकडी होतात.

यातलं ‘आउदी’ तुम्ही रस्त्यावर रोज पाहता. आउगुस्ट होर्ख या जर्मन मोटार-कारागिराने 1909 मध्ये स्वतःची जुनी कंपनी सोडून नवी काढली, पण त्याचं आडनाव जुन्या कंपनीकडेच राहिलं. जर्मनमध्ये ‘होर्ख’ म्हणजे ‘ऐक’. लॅटिनचा अभ्यास करणाऱ्या एका भागीदाराच्या मुलाने सुचवलं, मग लॅटिनमध्येच ‘ऐक’ म्हणा की! आणि ऑडी हे नाव पडलं. व्होल्वोतही लॅटिनच आहे, पण तिथे आज्ञा नाही. शेवटचा ‘ओ’ म्हणजे ‘मी’, आणि व्होल्वो म्हणजे ‘मी गडगडतो’. एका गाडीच्या नावात ‘तू ऐक’, दुसरीच्या नावात ‘मी गडगडतो’. क्रियापदाच्या शेवटात कर्ता कसा लपतो हे शिकायला याहून सोपी उदाहरणं मला माहीत नाहीत.

शाळेत संस्कृत झालेलं असेल तर आणखी एक सुख वाट्याला येतं. लॅटिनमध्ये ‘पी’ म्हणजे ‘बिबे’, संस्कृतात ‘पिब’. अनेकांना सांगायचं तर तिथे ‘बिबिते’, इथे ‘पिबत’. ‘फेर’ आणि ‘भर’ हेही एकाच धातूचे. हे उसनं घेतलेलं नाही, एका आजीचे दोन वारसे आहेत. 1786 मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हे नातं जाहीरपणे मांडलं, त्याचा उल्लेख सगळीकडे होतो. पण त्याआधी दोनशे वर्षं, 1583 मध्ये, गोव्याहून एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं त्यात नोंदवलं. तो थॉमस स्टीफन्स. 1579 मध्ये तो गोव्यात आला आणि पुढे त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. लॅटिनच्या कानाने त्याने आपली भाषा ऐकली. आपल्या कानाने लॅटिन ऐकायला आपणही बसावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण सगळ्यांत मोठी गंमत संस्कृतात नाही, निव्वळ मराठीत आहे. ‘करू नको’ हे लॅटिनमध्ये कसं म्हणायचं? नुसता नकार लावून भागत नाही. ‘नोलो’ म्हणजे ‘मला नको’. त्याचीच आज्ञा ‘नोली’, आणि तिच्या जोडीला मूळ क्रियारूप: नोली तांगेरे, शिवू नको. अनेकांना ‘नोलीते’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे ‘न इच्छिण्याची आज्ञा’ असं फोड करून समजवावं लागतं. आपल्याला? ‘मला नको’ आणि ‘जाऊ नको’ या दोन्हींत आपला ‘नको’ एकच. तो नोलीसारखाच क्रियापदाचं रूप सोबत घेतो आणि अनेकांसमोर ‘नका’ होतो. या दोन शब्दांत रक्ताचं नातं आहे असं मी म्हणत नाही. पण मराठी घरात वाढलेल्या मुलाला हा अख्खा धडा एका ओळीत शिकवता येतो.

नोली तांगेरे हे एका झाडाचंही नाव आहे. 1753 मध्ये लिनियसने युरोपातल्या एका पिवळ्या फुलाच्या रोपाला ‘इम्पेशन्स नोली-तांगेरे’ म्हटलं, कारण त्याच्या पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बिया उडतात. आपल्या गौरीतला तेरडा त्याच कुळातला, इम्पेशन्स बाल्समिना. लहानपणी तेरड्याची बोंडं फोडत हिंडलेल्यांना ही आज्ञा वेगळी समजावून सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस हमखास चुकतो. आपला ‘बसा’ एका वडीलधाऱ्यालाही चालतो. लॅटिनचा ‘सेदेते’ एकाला चालत नाही. तिथे अनेकवचन म्हणजे फक्त संख्या. गुरुजी वर्गात येताना मुलांना ‘साल्वेते’ म्हणतात आणि मुलं त्यांना ‘साल्वे, मागिस्तेर’ म्हणतात, चक्क एकेरीत. (हे अभिवादनही आज्ञाच आहे: बरा राहा!) सुरुवातीला जीभ अडखळते. सीझरलाही अरे-तुरे करायचं, हे पचायला थोडे दिवस लागतात.

आज्ञेमागोमाग व्याकरण आपोआप येतं. कोणाला हाक मारायची? मार्कुसला ‘मार्के’, ब्रूटसला ‘ब्रूटे’, जसं आपण अर्जुनला ‘अर्जुना’ म्हणतो. कशावर क्रिया करायची? पोर्ता म्हणजे दार, पण ‘दार लाव’ म्हणताना ‘पोर्ताम क्लाउदे’. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका घराच्या उंबऱ्याशी साखळीने बांधलेला काळा कुत्रा रंगीत खड्यांत चितारला आहे आणि खाली दोनच शब्द आहेत: कावे कानेम, कुत्र्यापासून सांभाळ. कुत्रा ‘कानिस’, पण इथे ‘कानेम’, संस्कृत ‘श्वानम्’चा सख्खा भाऊ. याच ‘कावे’चं विध्यर्थी रूप ‘कावेआत’, म्हणजे ‘त्याने सावध असावं’. दिवाणी न्यायालयात कॅव्हिएट दाखल करतात ते हेच.

कृतीतून लॅटिन शिकवायचा आग्रह धरणाऱ्यांत डब्ल्यू. एच. डी. राऊज यांचं नाव घ्यायला हवं. ते कलकत्त्यात 1863 मध्ये जन्मले, त्यांना संस्कृत येत होतं आणि 1902 ते 1928 या काळात केंब्रिजच्या पर्स स्कूलचे ते मुख्याध्यापक होते. भाषांतर बाजूला ठेवून वर्गात लॅटिनच बोलायची, ही त्यांची पद्धत. घरीही हे करता येतं. दोघांनी समोरासमोर बसावं, एकाने ‘सुर्गे’ (ऊठ) म्हणावं, दुसऱ्याने उठावं. मग ‘फेनेस्त्राम आपेरी’, खिडकी उघड. पंधरा दिवसांत पन्नासेक क्रियापदं अंगात मुरतात.

मेमेंटो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो ‘तो’ने संपतो, कारण ती आत्ताची नाही, पुढच्या काळाची आज्ञा आहे: इथून पुढे लक्षात ठेव. इ.स.पू. 451-450 च्या रोमन ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात अशीच रूपं भरलेली आहेत, कारण कायदा पुढच्या प्रत्येक दिवसासाठी असतो. जुन्या कोरीव लेखांत हा प्रत्यय ‘-तोद’ असा सापडतो, आणि त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे ‘भवतात्’मधला ‘तात्’, जो पाणिनीने आशीर्वादासाठी सांगितला आहे. पुण्या-मुंबईच्या मराठीत अशा आज्ञेला वेगळं रूप नाही, तिथे ‘आठवण ठेव’वरच भागवावं लागतं. वऱ्हाडात मात्र निघालेल्या पाहुण्याला अजून सांगतात: उद्या येजो, पोचल्यावर सांगजो, ध्यानात ठेवजो.