छत्तीस फोटोंचा कॅमेरा

ईदच्या साफसफाईत शेवगावच्या आमच्या घरातल्या लोखंडी पेटीतून अब्बांचा कॅमेरा निघाला. पेंटॅक्स के १०००. हे मॉडेल १९७६ मध्ये आले आणि १९९७ पर्यंत बनत राहिले. पुतण्याने उलटसुलट करून पाहिले नि विचारले, "चाचा, याचा स्क्रीन कुठंय?"

स्क्रीन नाही. भिंगातून आलेले चित्र आतल्या आरशावरून, वरच्या प्रिझममधून थेट डोळ्यापर्यंत येते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तेच चित्र रोलवर उमटते.

फोकस हातानेच करायचा. भिंगाची कडी फिरवत राहायचे. मधोमध दिसणारे बारीक ठिपके थरथरायचे थांबले की चेहरा स्पष्ट झाला. वरच्या चकतीवर शटरचा वेग, १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत. आत उजवीकडे एक काटा दिसतो. तो मध्यावर आला की उजेड बरोबर. बटणाएवढा सेल फक्त या काट्यासाठी. सेल संपला तरी फोटो निघतो, कारण शटर स्प्रिंगवर चालते. मात्र काटा बंद करायला बटण नाही, म्हणून काम झाले की भिंगाला झाकण लावायचे. फ्लॅश वापरताना वेग १/६० ठेवायचा; त्याहून जास्त ठेवला तर फोटोचा काही भाग काळा येतो.

या कॅमेऱ्याचा एक धडा आमच्या घराला महागात पडला. फूफीच्या निकाहात अब्बांनी दिवसभर फोटो काढले. रोल धुऊन आला तो कोरा. रोलचे टोक आतल्या फिरकीत अडकलेच नव्हते. खटका ओढला जात होता, रोल जागेवरच होता. रुखसतीच्या वेळी दादाजानांनी लेकीच्या डोक्यावर ठेवलेला हात त्या रोलवर यायला हवा होता. पुढच्या वर्षी दादाजान गेले. फूफी अजूनही तो फोटो मागते.

त्यानंतर अब्बा खटका ओढताना डावीकडच्या रोल गुंडाळायच्या गोल खुंटीकडे बघत. ती फिरली तरच रोल पुढे सरकतोय. न फिरली तर पहिल्याच फोटोला थांबायचे.

तुमच्याही घरी असा कॅमेरा असेल तर आधी भिंग उजेडात धरून पाहा. आत जाळ्यासारखे पांढुरके दिसले तर ती बुरशी. जाणकाराकडून साफ करून घ्या. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. आणि जुन्या निगेटिव्ह रद्दीत टाकू नका. फोटो फिकट झाला तरी निगेटिव्हवरून नवी कॉपी निघते.

पुतण्याने नवा रोल भरला, खटका ओढला. मी म्हणालो, "आधी ती खुंटी बघ." मग त्याने फूफीला उजेडात बसवले.