पाणी कुठे उतरते?
लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवराच्या तळाशी आणि गाव काठावर. सरोवराचे पाणी खारे, अल्कधर्मी. गावाचे सांडपाणी मिसळले की त्यातले खास सूक्ष्मजीव धोक्यात येतात. हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये सरोवर रामसर यादीत आले. नगररचना शिकणाऱ्याला याहून चांगला धडा कुठला? इस्रोच्या ‘भुवन’वरून जमिनीच्या उंचीची माहिती घ्यायची आणि ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रणालीत उघडायची. पाणी कुठून कुठे वाहील, ते संगणक चौकोनागणिक दाखवतो. त्यावर घरे, रस्ते मांडले की कोणती वस्ती सरोवराकडे उतरते ते कळते. मात्र हा चौकोन साधारण ३० मीटरचा. दोन फुटांचे गटार त्यात दिसत नाही. ते पाहायला पायीच जावे लागते, शक्यतो पहिल्या पावसात.