प्रार्थना, मौन आणि हाक

'प्रार्थना' हा शब्द 'अर्थ्' म्हणजे मागणे, या धातूपासून सिद्ध झाला आहे. परंतु मागण्यापूर्वीच पित्यास आपली गरज ठाऊक असते, असे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात ख्रिस्त सांगतो. दार लावून एकांतात प्रार्थना करावी, हा उपदेशही तेथलाच. मागण्याचे प्रयोजनच असे सरल्यावर प्रार्थनेत उरते काय?

मराठीत याचे उत्तर शोधू जाता नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्याकडे वळावे लागते. त्यांचे काही शिक्षण नाशकात झाले. पत्नी लक्ष्मीबाई यांचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. या सेतूवरून केवळ अभंगाचा छंद आला नाही. ख्रिस्ताला एकेरी 'तू' म्हणण्याची जवळीक आणि 'माउली' ही हाकही आली.

व्याकरणदृष्ट्या हाक मोठी विलक्षण आहे. संबोधनाला क्रियापद लागत नाही. म्हणूनच ते काही मागत नाही. आईला हाक मारून मूल गप्प बसते, तेव्हा शब्द संपलेला असतो, संबंध नव्हे. 'मौन' हा शब्दही 'मुनी'पासून आलेला. वाचेचा अभाव हा त्याचा मूळ अर्थ नसून मुनीची वृत्ती हा होय. टिळकांच्या अभंगांत याचना नाही असे नाही. पण ती बहुधा सहवासाचीच असते.

1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते.