नवलकोल आणि त्याचा विलायती पुतण्या

बारामती तालुक्यांतील लोणी भापकर हें गांव मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिरामुळें आणि तेथील यज्ञवराहाच्या मूर्तीमुळें इतिहासाची आवड असणाऱ्यांस ठाऊक असतें. चूल सांभाळणाऱ्यांस मात्र त्याची दुसरीहि एक ओळख करून घेण्यासारखी आहे. त्या तालुक्याचे लोक आपल्या मुलुखाचे दोन भाग मानतात. नीरेच्या कालव्याखालचा तो बागायत, आणि पावसाच्या भरंवशावरचा तो जिराईत. लोणी भापकर जिराईत पट्ट्यांतलें. जेथें पाणी जपून वापरावें लागतें तेथें भाजीहि जपूनच वापरली जाते. मुळा घरांत आला तर कंद कोशिंबिरीस जातो, पाला पीठ पेरून परततात, आणि वाफ्यांत राहून गेलेल्या मुळ्यांच्या शेंगा डिंगऱ्या म्हणून पुन्हां कढईंत येतात. केराच्या टोपलींत जाण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं.

शहरांतील घरांनीं हीच नजर उसनी घेऊन नवलकोलाकडे पाहावें. हिवाळा लागला, कीं मंडईंत पोपटी गड्ड्यांचे ढीग दिसूं लागतात. पाला बहुधा तेथेंच मोडून टाकला जातो. घरीं आल्यावर गड्ड्याची बटाट्यासारखी पातळ साल काढतात, फोडी कुकरांत घालून तीन शिट्ट्या देतात, आणि मग ती पाणचट, उग्र वासाची भाजी मुलांनीं ताटाच्या कडेला सारली म्हणजे ‘आमच्याकडे नवलकोल चालत नाहीं’ असा निकाल लागतो. या निकालांत साक्षीपुरावा नीट झालेला नसतो. गड्ड्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे.

प्रथम त्याचें नांव. त्यांतील ‘नवल’ आपण मराठी मानतों, पण तें मूळचें आपलें नव्हे. डच भाषेंत गड्डा आणि कोबी या अर्थाचे जे दोन शब्द आहेत त्यांच्या जोडीचा हा देशी उच्चार आहे. नांव अगदीं यथार्थ आहे, कारण नवलकोल हा कोबीच्याच जातीचा. पानकोबींत पानें एकमेकांवर मिटून गड्डा होतो, नवलकोलांत खोड फुगतें. म्हणूनच तो जमिनीच्या वर वाढतो आणि त्याच्या अंगावर पानांच्या देठांचे व्रण असतात. तो कंदमूळ नव्हे, ही गोष्ट स्वयंपाकाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. खोड म्हटलें, कीं तें जून झाल्यावर लाकूड होणार. हें लाकूड खालच्या अंगानें, मुळाच्या बाजूनें, धरूं लागतें. गड्डा घेतांना मोठा तेवढा स्वस्त हा हिशेब येथें फसतो. लिंबाहून मोठा आणि मोसंब्याएवढ्यापर्यंतचा, हातांत जड लागणारा व न भेगाळलेला गड्डा घ्यावा. पाला ताजा असेल तर भाजीवाल्यास तो मोडूं देऊं नये.

साल काढणें हें या भाजीचें अर्धें काम आहे. बाहेरच्या सालीच्या आंत चिवट तंतूंचा आणखी एक थर असतो. सोलाण्यानें एकदां साल काढून थांबलें, तर तो तसाच राहतो आणि कितीहि शिजविला तरी दातांत अडकतो. म्हणून बुडाकडची चांगली बोटभर जाडीची चकती कापून टाकावी, आणि त्या कापलेल्या कडेंत सुरी रोवून साल वरच्या दिशेनें ओढावी. दोरे सालीबरोबर निघून येतात. आंतला गर पांढरा, काचेसारखा किंचित पारदर्शक दिसला म्हणजे साल पुरेशी निघाली. काटकसरीच्या घरांत हें जाड सोलणें जिवावर येतें. परंतु साल वांचवून भाजी वाया घालविण्यापेक्षां हें परवडतें, आणि ती साल गुरांस घालतां येते. शहरांत गुरें नाहींत, हा दोष नवलकोलाचा नव्हे.

आतां वासाची हकीकत. कोबी, फ्लॉवर, मुळा, सलगम, नवलकोल हीं सारीं मोहरीच्या कुळांतलीं. या कुळाच्या वनस्पतींत कांहीं गंधकयुक्त द्रव्यें असतात, आणि त्यांपासून वेगळें ठेवलेलें एक विकर असतें. चिरतांना किंवा चावतांना दोहोंची गांठ पडते व झणझणीत रस तयार होतो. मोहरी फेसतांना नाकांत चढतो तो हाच. कच्च्या नवलकोलाची गोडसर तिखट चव हें त्याचेंच सौम्य रूप. उष्णता लागली, कीं विकर निकामी होतें व भाजी गोड लागूं लागते. येथेंच थांबावें. शिजविणें लांबलें, कीं उरलेलीं गंधकद्रव्यें मोडूं लागतात आणि त्यांतून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायु सुटतो. कुकरचें झांकण बंद असल्यामुळें तो सगळा फोडींतच जिरतो. म्हणजे ज्या वासासाठीं नवलकोलास नांवें ठेवतात, तो मंडईंतून आलेला नसतो. तो घरींच तयार केलेला असतो.

पुण्याच्या घरांतून ही भाजी हरभऱ्याच्या डाळींत करतात, ती उत्तम. अर्धा किलो नवलकोलास पाव वाटी डाळ तीन तास भिजत घालावी. तेलांत मोहरी, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या व कढीपत्ता यांची फोडणी करून त्यांत आधीं डाळ परतावी, पाण्याचा हबका मारून पांच-सात मिनिटें वाफवावी, आणि मगच फोडी घालाव्या. दोन्ही एकदम घातलीं तर डाळ शिजेपर्यंत फोडींचा लगदा होतो. मीठ फोडींबरोबरच घालावें. त्यानें गड्ड्याचें पाणी सुटतें व वरून घालावें लागत नाहीं. पहिलीं तीन-चार मिनिटें कढई उघडी ठेवावी, मग वर पाण्याचें ताट ठेवून मंद आंचेवर दहा मिनिटें. फोड उलथन्यानें तुटली, पण आकार सोडीत नाहीं, अशा वेळीं उतरावी. शेवटीं चिमटीभर गूळ, गोडा मसाला व ओलें खोबरें. जिराईत भागांतल्या पद्धतीनें करावयाची तर खोबऱ्याऐवजीं शेंगदाण्याचें कूट, फोडणींत कांदा-लसूण, गुळास फांटा, आणि सोबत बाजरीची गरम भाकरी. पाला बारीक चिरून, देठांच्या शिरा काढून, मुळ्याच्या पाल्याप्रमाणें पीठ पेरून करावा. त्यास लसूण भरपूर लागतो.

एवढें ज्यास साधलें त्यास रुटाबागा परका नाहीं. बारामतीच्या खेड्यांतलींहि कांहीं मुलें आतां परदेशीं नोकरीस असतात, आणि नातवंडांसाठीं हिवाळ्यांत तिकडे गेलेल्या आजीबाईंस दुकानांत एक जांभळट-पिवळा, मेण चोपडलेला, नारळाएवढा गड्डा भेटतो. इंग्लंडांत त्यास स्वीड म्हणतात, अमेरिकेंत रुटाबागा. आजीबाई तो सलगम समजून कुकरला लावतात. थंडीमुळें खिडक्या बंद, घरभर वास, आणि सून कांहीं बोलत नाहीं पण पंखा लावते. आजीबाईंचें फारसें चुकलेलें नसतें. रुटाबागा हा सलगमाचाच मुलगा, मात्र कोबीपासून झालेला. कोबीचीं गुणसूत्रें १८, सलगमाचीं २०, आणि रुटाबाग्याचीं बरोबर ३८. हें नातें १९३५ सालीं जपानांत काम करणाऱ्या वू जांग-चून या शास्त्रज्ञानें उलगडून दाखविलें. त्याच हिशेबानें आपल्या फोडणींतील मोहरीहि सलगमाच्याच वंशांतली ठरते. कोबी आणि नवलकोल भाऊ, तेव्हां रुटाबागा हा नवलकोलाचा पुतण्या झाला.

या पुतण्याच्या नशिबीं मोठी अपकीर्ति आली. पहिल्या महायुद्धांत, १९१६ च्या शरद ऋतूंत, जर्मनींत बटाट्याचें पीक बुडालें. आधींच समुद्रमार्ग रोखलेले. तो हिवाळा लोकांनीं या गड्ड्यावर काढला. पावांत तोच, रश्शांत तोच, मुरंब्यांत तोच, कॉफीच्या जागींहि तोच भाजून. जर्मन लोक त्या काळास अजून गड्ड्याचाच हिवाळा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांच्या ताब्यांतील फ्रान्सांत तीच पाळी आली, आणि युद्ध संपल्यावर पुष्कळ फ्रेंच घरांनीं तो पुन्हां ताटांत घेतला नाहीं. चरबी नाहीं, मीठमसाला बेताचा, दिवसांतून दोनदां तोच उकडलेला गड्डा. अशा स्थितींत पक्वान्नाचाहि वीट आला असता. उलट स्कॉटलंडांत तोच गड्डा लोणी आणि मिऱ्याची पूड घालून कुस्करतात, व २५ जानेवारीस, बर्न्स कवीच्या जन्मदिनीं, थाटानें वाढतात.

स्कॉच लोकांची ही तऱ्हा म्हणजे भरीतच, आणि मराठी घरास तीच सोयीची. गड्डा फार कठीण असतो व सुरीखालीं घरंगळतो. म्हणून आधीं एका बाजूची चकती कापून तो बैठा करावा, मगच दोन भाग करावे. मेणासकट साल जाड काढावी. बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून त्या चाळणींत वीस मिनिटें वाफवाव्या. पाण्यांत उकडल्या तर भरीत पातळ होतें. कुस्करल्यावर भांडें क्षणभर पुन्हां आंचेवर धरून उरलेली वाफ जाऊं द्यावी. निवल्यावर दहीं, दाण्याचें कूट, मीठ, हिरवी मिरची, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. साखर घालूं नये; गर मुळांतच गोड असतो व मागाहून किंचित कडवट लागतो. कडवटपणा अधिक वाटला तर लिंबू पिळावें.

एक सावधगिरीची गोष्ट. १९४९ सालीं अमेरिकन संशोधकांनीं याच गड्ड्यांतून गॉयट्रिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. तें थायरॉइड ग्रंथीच्या कामास अडथळा करतें. शिजविल्यानें त्याचें प्रमाण कमी होतें, आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या निरोगी माणसानें आठवड्यांतून एक-दोनदां भाजी खाण्यांत भिण्यासारखें नाहीं. पण ज्यास त्या ग्रंथीचा विकार आहे त्यानें रोज कच्चा कीस खाण्याचा नेम धरूं नये, व आपल्या डॉक्टरास विचारावें.

चार माणसांच्या घरांत एवढा मोठा गड्डा एका दिवशीं संपत नाहीं. उरलेला अर्धा ओलसर फडक्यांत गुंडाळून थंड जागीं ठेवला तर कित्येक दिवस राहतो. तो किसून, हातानें घट्ट पिळून, थालीपिठाच्या भाजणींत कांदा-कोथिंबिरीबरोबर मिसळावा. पिळून निघालेल्या पाण्यांतच पीठ भिजवावें, आणि थालीपीठ नेहमींपेक्षां पातळ थापावें, म्हणजे मधला कीस कच्चा राहत नाहीं.